नसलेल्या कागदाविषयी, देवरामला

देवराम,

तुझ्या खुर्चीवर आता कोणी बसत नाही असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. रविवारी संग्रहालयात गेलो तेव्हा तिच्यावर कोणा पाहुण्यांच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या. मी त्या उचलल्या नाहीत. माझ्या खुर्चीवर बसलो आणि पेटीतला एक गठ्ठा सोडला. वाचता येत नव्हतं असंही नाही. बिरसीच्या धावपट्टीसाठी खडी वाहणाऱ्या कुठल्या ठेकेदाराने संग्रहालयाच्या व्हरांड्यात बैल बांधले होते, त्याची तक्रार होती. शेणाचा उल्लेख फार अदबीने केलेला. मी सवयीने बाजूला मान वळवून म्हणालो, "हे बैलांचं ऐक." मग गठ्ठा परत बांधला आणि घरी आलो.

मला काही होत नाहीये, हे आधी सांगून टाकतो. तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. फोन ठेवला आणि उरलेले पेपर तपासले. बेरजा नंतर पुन्हा पाहिल्या, सगळ्या बरोबर होत्या. तुमच्या गावी पोचलो तर तुझ्या शाळेतल्या दोघांनी मला दोन्हीकडून धरलं. मी पडणार नव्हतो, पण तसं सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून धरू दिलं. रडू यायचं तेव्हा येईल. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुझ्या तोंडावर सांगायला हवी होती.

डोंगा जाळल्याचा कागद नव्हता. कधीच नव्हता.

हे छापून येणार आहे, तेव्हा आपलं काही ठाऊक नसलेले लोकही वाचतील. तू असतास तर म्हणाला असतास, "सर, पयल्यापासून सांगा, मागं बसलेल्या पोट्ट्यांले समजलं पायजे." म्हणून तुलाच माहीत असलेलं तुलाच पुन्हा सांगतो.

तू चौथीची मुलं घेऊन संग्रहालय दाखवायला आला होतास. मुलांना व्हरांड्यात ओळीने बसवलंस, चपला भिंतीला लावायला लावल्यास आणि आत येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिलास. नमस्कार, नाव, गाव काही नाही. "आमच्याजवळ होता तो डोंगा कोठी हाय?"

मी विचारलं, कुठला डोंगा, कसली नाव.

"तुमचाच. एका खोडाचा. लढाईत आमच्या आज्याजवळ ठेवायले देल्ला होता. घरी सारे सांगत राहत. म्हटलं, पाहून घ्यावं परत आला का."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि इतकी वर्षं त्या संग्रहालयाचा सचिव. महायुद्धात आपली इमारत लष्कराकडे होती, हे मला माहीत नव्हतं. एका प्राथमिक शाळेच्या गुरुजीने येऊन ते मला असं उभ्या-उभ्या सांगितलं. मी तुला बसायला सांगितलं, चहा सांगितला, आणि त्याच दिवशी तुला 'अरे देवराम' म्हणायला लागलो. आपण एकाच वयाचे. तू मला शेवटपर्यंत 'सर' आणि 'तुम्ही' म्हणालास. आपल्या दोघांतलं हे मला आता लिहिताना दिसतंय.

मग आपले रविवार सुरू झाले. मागच्या खोलीत लोखंडी पेट्यांमध्ये संग्रहालयाचं जुनं दप्तर पडलं होतं. मराठी आणि हिंदी कागद तू घेतलेस, इंग्रजी मी. त्या पेट्यांतून हळूहळू एक वेगळंच संग्रहालय बाहेर आलं. बिरसीला विमानांची पट्टी बांधायचं काम निघालं आणि लष्कराने आपले दोन्ही दिवाणखाने मागितले, एक अधिकाऱ्यांना राहायला, दुसरा सामानाला. वस्तू ठेवायच्या कुठे? तेव्हाच्या मंडळींनी त्या लोकांच्या घरी वाटून दिल्या. तलवारी ठाण्यात गेल्या, नाणी तिजोरीत, ताम्रपट एका मालगुजाराच्या देवघरात, खापरं शाळेत. पेंढा भरलेला वाघ तेवढा कोणी नेला नाही. तो शिपायांबरोबर राहिला.

त्या वाघाचा पत्रव्यवहार तुला पाठ झाला होता. शिपाई त्याला टोपी घालून सलाम ठोकतात, त्यामुळे शिस्त बिघडते, तरी वाघ ताबडतोब हलवावा, असं तिथल्या साहेबाने लिहिलं होतं. आपल्या तेव्हाच्या सचिवांनी उत्तर दिलं की वाघ हलवणं शक्य नाही, टोपी हलवावी. तू हसत हसत बाहेर गेलास, तोंड धुऊन परत आलास आणि पुन्हा हसायला लागलास. पुढच्या आठवड्यात तुझ्या वर्गात त्याचं नाटुकलं झालं. वाघ कोणी व्हायचं यावरून मुलांची मारामारी झाली म्हणे.

इतक्या वर्षांत मला कागद वाचायचा कंटाळा कधी आला ते मला कळलंच नव्हतं. तो तू घालवलास. त्याबद्दलही तुला काही म्हणालो नाही.

मग डोंग्याची नोंद सापडली, तुझ्याच गठ्ठ्यात, मासेमार ढिवरांतल्या तुझ्या आजोबांच्या नावावर. 'सोमाजी ढिवर यांजकडे तलावावर ठेवण्यास दिला.' युद्ध संपल्यावर वस्तू परत आल्या तेव्हा प्रत्येकीपुढे खूण केलेली होती. डोंग्यापुढे लिहिलं होतं, 'परत नाही.' पुढे काही नव्हतं. तू ते आजोबांचं नाव बराच वेळ पाहत बसलास. म्हणालास, "आज्याचं नाव लिहिलेलं पयल्यांदा पाहून राहिलो, सर. घरी तं कोठीच नाही. सातबाऱ्यावर नाही, शाळेत नाही." मी म्हणालो, फोटो काढून घे. तू म्हणालास, नको, इथंच राहू द्या, इथं बरं दिसते.

त्यातूनच युद्धकाळातल्या संग्रहालयाचं दालन करायचं ठरलं. कल्पना तुझी. फलकांवरचा मजकूर मी लिहिला, खाली नावही माझं.

आपले अध्यक्ष, शेठजी, मजकूर वाचायला बसले. वाघावर खूश झाले. डोंग्यावर अडले. "सर, ये 'परत नाही' क्या बात हुई? पब्लिक पूछेगी ना, गया कहाँ? आगे का कुछ बताओ."

मी घरी गेलो आणि पुढचं लिहिलं. 'टंचाईच्या काळात तलावावरील ढिवर कुटुंबाने हा डोंगा सरपण म्हणून जाळला.'

हे मी का लिहिलं, याचा फार विचार करून झालाय. द्वेषाने नाही. खोटं बोलायचं ठरवूनही नाही. गरीब माणसं, टंचाई, लाकूड, हे तीन शब्द माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसले आणि वाक्य आपोआप झालं. ते झाल्यावर मला बरंही वाटलं, कारण त्यात थोडी कणव होती. जाळला बिचाऱ्यांनी, काय करतील. मी दिवा बंद केला आणि जेवायला गेलो.

समितीच्या बैठकीत तू ते वाचलंस. तुझा आवाज चढला नाही. "सर, हे काढा. आमच्यात डोंग्याचं लाकूड चुलीत जात नाही."

मी म्हणालो, अरे, टंचाई होती.

"टंचाई आमाले कधी नाही? डोंगा जुना झाला, फुटला, तं गोटे भरून तलावातच सोडतेत. जिथं पानी आटत नाही तिथं. सालोसाल असंच होत आलं. बाप मेला तं जाळतो, सर. डोंगा नाही जाळत."

शेठजींना मजा वाटली. "तो फिर तालाब में ही पड़ा होगा, मास्टरजी?"

"ते मले नाही मालूम. नाही मालूम असं लिहा."

मी म्हणालो, "'माहीत नाही' असं फलकावर कोणी लिहीत नाही, देवराम."

"काऊन नाही लिहत? पोट्ट्यांले मी रोज सांगतो, नाही आलं तं नाही आलं म्हना, मनाचं लिहू नोका."

सगळे हसले. शेठजी म्हणाले, "लो सर, मास्टरजी ने आपकी भी कॉपी जाँच दी." पुन्हा हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की हे दालन तुझं आहे आणि या खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे. मला एकदा जिंकायचं होतं.

"कागद आहे," मी म्हणालो. "इंग्रजी पेटीत. जाळल्याचा."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग खाली बसत म्हणालास, "कागद हाय तं मंग झालं."

मी तुझ्यापुढे दुसरं काहीही ठेवलं असतं तरी तू वाद घातला असतास. कागदापुढे तू गप्प बसलास, कारण कागदाला मान द्यायचा हे आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं. मी खोटं बोलायला तेच वापरलं.

दालन उघडलं त्या दिवशी तुमच्या गावातून टेम्पो भरून माणसं आली. तू त्यांना सांगून ठेवलं होतंस की सोमाजी बुढ्याचं नाव भिंतीवर लागलंय. खालचं वाक्य तू सांगितलं नव्हतंस. मला वाटतं, आयत्या वेळी मी ते काढीन अशी तुला आशा होती. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. मी तिथून पाहुण्यांच्या नाश्त्याकडे गेलो.

त्या वर्षी दिवाळीनंतर जे झालं ते तू मला गठ्ठ्याला दोरी बांधता बांधता सांगितलंस, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. तुमच्या तलावावर मासेमारी सुरू होते तेव्हा पहिलं जाळं तुमच्या घरचं पडतं, सोमाजीच्याही आधीपासून. तुझा मोठा भाऊ फागुलाल जाळं भिजवून, खांद्यावर टाकून बांधाच्या पाळीवर उभा होता. सदाशिव बुढा, तुमच्यातला सगळ्यांत जुना माणूस, म्हणाला, "ज्या घरानं डोंगा जाळला त्या घरचं जाळं पयले नाही पडनार." फागुलाल म्हणाला, आमी नाही जाळला. बुढा म्हणाला, "भितीवर लिहिलं हाय. तुहाच भाऊ तिथं जाऊन बसते." फागुलालने ओलं जाळं तसंच घरी आणलं.

मी काय म्हणालो, आठवतं? "असं कसं करतात रे लोक." लोक म्हणालो मी.

तू दोरीची गाठ मारलीस. म्हणालास, "सर, तो कागद एकदा दाखवा ना. फागुलालले नेऊन दाखवतो. तो मानूनच नाही राहिला."

मी म्हणालो, पेटी मागे गेलीय, काढायला माणूस लागेल. पुढे कधी म्हणालो, वाळवी लागलीय, उघडलं तर भुगा होईल. एकदा चष्म्याचं कारण सांगितलं. दर वेळी तू म्हणायचास, "असू द्या," आणि दुसरं काही काढायचास. शिंगाडे उकडून आणायचास, तलावातले, अजून कोमट. साली वर्तमानपत्रावर जमा करायच्या, कागदांना हात लावण्याआधी पंच्याने बोटं कोरडी करायची, हा तुझाच नियम. मी ते शिंगाडे खायचो.

हेही लिहून ठेवतो. पावसाळ्यात एक दिवस मी एकटा होतो. पेटीत त्या काळचे कोरे कागद आहेत, तुला माहीत आहेत, पिवळे पडलेले, जलचिन्ह असलेले. त्यातला एक मी खिडकीशी नेऊन उजेडात धरला. काय लिहायचं ते मनात तयार होतं. कुठल्या साहेबाच्या नावाने लिहायचं तेही. तेवढ्यात झाडायला बाई आली आणि मी कागद परत ठेवला. ती आली नसती तर मी लिहिला असता का, हे मला खरंच सांगता येत नाही. जो माणूस विद्यार्थ्यांना साधनांची विश्वासार्हता शिकवतो, तो तिथे उभा होता.

शेवटचं भेटलो तेव्हा तू घाईत होतास. शाळेत तपासणी होती. स्कूटर सुरू ठेवूनच दाराशी आलास. "सर, तो कागद?"

"पाहतो," मी म्हणालो.

"पाहा, पाहा," तू म्हणालास. हसलास थोडं. मला ते हसणं कळलं नाही. स्कूटर दवनीवाड्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी दारातच उभा होतो, कारण तू वळून बघशील असं उगाच वाटलं.

नंतर त्या रस्त्यावर जे झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ते लिहीत नाही.

तुझ्या तेरवीला मी आलो. जेवणं चालू होती. वहिनी मागच्या अंगणात एकट्याच बसल्या होत्या, सूप मांडीवर घेऊन, पण पाखडत नव्हत्या. मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो. वाक्य घरून तयार करून आणलं होतं, ते निघालं नाही. म्हणालो, "वहिनी, डोंगा जाळल्याचा कागद नव्हता. मी खोटं बोललो."

त्या म्हणाल्या, "मालूम हाय."

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं.

"मालूम हाय म्हनतो ना. गेल्या साली तुमच्या पोरीच्या परीक्षेसाठी तुमी पुन्याले गेलते, तवा यानं तुमची इंग्रजी पेटी पुरी वाचली. शब्द अडला का आमच्या पोरीले नागपूरले फोन लावे. एक एक कागद पाहिला. घरी येऊन म्हने, काहीच नाही वं त्याच्यात."

"मग मला बोलला का नाही?"

"मी बी तेच म्हटलं. जाऊन तोंडावर विचार म्हटलं. तं म्हने, मी म्हटलं तं तो हारते. त्याच्या तोंडातून निंघलं तं दोघंही राहतो. मी फक्त विचारत राहीन." सुपातला एक खडा त्यांनी काढून बाजूला टाकला. "मंग विचारत राहिला."

पुढच्या अंगणात कोणीतरी पाणी मागितलं. त्या उठल्या, पाणी देऊन आल्या, पुन्हा बसल्या.

देवराम, मी मागे जाऊन तुझं प्रत्येक 'असू द्या' ऐकून पाहिलं. पेटी मागे गेलीय, असू द्या. वाळवी लागलीय, असू द्या. त्या पेटीला वाळवी नाही, हे तू हाताने पाहिलं होतंस. मी बोलत होतो आणि तू दार उघडं ठेवून बाजूला उभा होतास. आत मी गेलो नाही. आणि तू शिंगाडे सोलत बसलास. मला यावर राग आला, हेही खरं आहे. मला पकडायचं होतंस तर पकडायचं. इतका वेळ द्यायला मी काय तुझ्या वर्गातलं पोर होतो? हे भांडण आता कोणाशी करू ते कळत नाही.

मी वहिनींना म्हणालो, "चुकलं माझं."

त्या म्हणाल्या, "मले सांगून काय होते? मी कधी मानलंच नव्हतं. तलावावर सांगा."

"सांगतो."

"पयल्या जाळ्याच्या दिवशी सांगा. सारे असतेत. अना शुद्ध मराठीत नोका सांगू लंबं-लंबं. जसं मले सांगतलं तसं सांगा."

फलक मी दुसऱ्याच दिवशी काढला. नवा लिहिला. डोंगा सोमाजी ढिवर यांच्याकडे ठेवायला दिला. युद्धानंतर संग्रहालयाने तो परत मागितल्याची नोंद दप्तरात नाही. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही. मधलं वाक्य लिहिण्याआधी दोन्ही भाषांचे गठ्ठे पुन्हा चाळले. फुटलेल्या काचांसाठी आपण लष्कराला पत्रं पाठवली, वाघाच्या तुटलेल्या कानासाठी पाठवली. तुमच्या तलावावर कोणी विचारायलाही गेलं नव्हतं. आपण दोघांनी 'परत नाही' इतक्यांदा वाचलं आणि कोणी मागितला होता का, हे तू विचारलं नाहीस, मीही नाही. तू कदाचित मनात विचारलं असशील.

शेठजींनी वाचलं. "सर, ये तो अधूरा लगता है."

मी म्हणालो, अधुरंच आहे. मग त्यांनाही सांगितलं, का ते. त्यांनी टेबलावरचा काचेचा गोळा एकदा फिरवला. "मास्टरजी को पता था?" म्हणाले. मी हो म्हणालो. "फिर भी आते थे?" हो म्हणालो. त्यांनी नवा फलक मंजूर केला. सचिवपद सोडायचं पत्र मी त्यांच्याकडे दिलं, ते त्यांनी वाचलं नाही, खिशात ठेवलं.

दिवाळी तुमच्या घरी नव्हतीच. त्यानंतर पहिल्या जाळ्याच्या दिवशी सकाळी मी तलावावर गेलो. पाळीवर सगळे जमले होते, जाळी भिजवून ठेवलेली.  बोदलकशाकडून आलेला कोणी पाहुणा विचारत होता, हे कोन, तर एकजण म्हणाला, "भितीवर लिहिते तो सर."

मी सांगितलं. लांबवलं नाही. डोंगा जाळल्याचा कागद नव्हता, ते मी मनाने लिहिलं, देवरामने काढा म्हटलं तर कागद आहे म्हणून खोटं बोललो. देवरामला ते कळलं होतं. त्याने माझी अब्रू घेतली नाही. इथे त्याच्या घराची गेली.

सदाशिव बुढा दगडावर बसला होता. "मंग लिहिलं कायले?"

"पुढे काय झालं ते माहीत नव्हतं. काहीतरी लिहायला हवं होतं."

"काहीतरी म्हून आमच्याच घरचं सापडलं का तुमाले?" हे मागून कोणीतरी म्हणालं.

मी हो म्हणालो. 

"अना जिता होता तवा काऊन नाही आले?" बुढ्याने विचारलं.

 त्याने उत्तर मागितलंही नाही फार. तो तलावाकडे पाहत राहिला. त्याचे डोळे पाणावले का, ते मला दिसलं नाही. त्या वयात तसेही पाणावलेले असतात. मग तो म्हणाला, "मी बी त्या भितीले मानलं. आपल्या मानसाले नाही मानलं." आणि फागुलालला हाक मारली. "ये गा. टाक."

फागुलाल सगळ्यांच्या मागे होता. त्याने जाळं आणलंच नव्हतं. "नाही, काका. घरी दुखवटा हाय. यंदा आमच्या घरचं जाळं पानी नाही शिवत."

 मान परत मिळाला त्याच दिवशी घेता येत नव्हता, आणि याचं कारणही तूच होतास. मला वाटलं, आता दुसऱ्या कोणाला सांगतील. एकाने हात पुढे केलाही होता.

बुढा म्हणाला, "मंग पयलं रिकामं राहू द्या."

कोणी विचारलं नाही, म्हणजे काय. त्यांना कळलं. सगळे पाळीच्या कडेला येऊन उभे राहिले, पाण्याकडे तोंड करून. जाळं फेकायला, ते तळाला बसायला, मग ओढून बाहेर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ कोणी हललं नाही. फागुलालही उभा होता, रिकाम्या हातांनी. मी मागे, बाभळीजवळ. पाण्यात काहीच पडत नव्हतं आणि सगळे ते पाहत होते. मग बुढ्याने मान हलवली, जणू ओढून झालं.

"आता दुसरं टाका," तो म्हणाला, आणि शेजारच्या घरचं जाळं पाण्यावर गोल उघडलं.